जांबोटीच्या आक्कांचा आवाज

माझी पत्नी निर्मला गेली दोन वर्षं एका अनोळखी बाईच्या आवाजात बोलते. त्या बाईंना एकदा भेटून यावं म्हणून दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं अमरावतीहून निघालो. निपाणी, बेळगाव, जांबोटी आणि कणकुंबी अशी ती फेरी झाली. तिकडे कधी न गेलेल्यांसाठी हे लिहितो आहे, पण आधी आवाजाचं प्रकरण सांगायला हवं.

मी नोकरीभर वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या बातम्या नीटनेटक्या करण्यात हयात गेली. निवृत्त झालो तेव्हा 'ठोकळा'च्या मंडळींनी मला गाठलं. ठोकळा म्हणजे मोबाइलची ॲप तयार करण्याचं एक खुलं साधन. प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून त्यावर ॲप बनवू शकतो. त्याला मालक नाही. आतली रचना कुणीही उघडून पाहावी, सुधारावी आणि पुढे द्यावी, अशी ती रीत. गावोगावची माणसं आपापले नोकरी-धंदे सांभाळून ते चालवतात. त्यांना दर महिन्याला मराठीत बातमीपत्र लिहिणारा हवा होता. कुणी काय बनवलं, नव्या आवृत्तीत काय आलं, कुठे काय अडलं, एवढंच. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच. तुम्हाला कळेल असं लिहिलंत की सगळ्यांना कळेल."

मग निर्मलाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द तोंडाशी येत नाहीत. पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर लोकांशी बोलत बसणारी ही बाई. त्या महिन्याच्या बातमीपत्राखाली मी एक ओळ टाकली, की घरच्या आजारपणामुळे या वेळी मजकूर कमी आहे, पत्नीची वाचा गेली आहे. थोड्याच दिवसांत निपाणीहून सुजाता कांबळे नावाच्या बाईंचा निरोप आला. "काका, मी ठोकळ्यावर एक बोलकी पाटी केली आहे. काकूंना वापरून बघू देत."

फोनच्या पडद्यावर चित्रांचे चौकोन होते. निर्मलानं डाव्या हाताच्या बोटानं पाण्याच्या पेल्यावर टेकवलं आणि फोन म्हणाला, "वाईच पाणी द्या की ओ." आवाज वयस्क बाईचा, मोकळा, जरासा घोगरा. आमच्या वऱ्हाडात "पानी दे ना बाप्पा" असं म्हणतात. घरात एकदम कोल्हापूरकडची पाहुणी आल्यासारखं झालं. निर्मला हसायला लागली. झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. मी पेला भरून आणला, तिनं तो हातात घेतला आणि पुन्हा त्याच चित्रावर बोट टेकवलं.

निपाणी

कोल्हापूरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून गाडी करून आम्ही निपाणीत पोचलो. मधे राज्याची हद्द कधी ओलांडली ते पाट्यांवरून कळलं. पाट्यांवर कन्नड आली, पण आमच्या ड्रायव्हरनं रस्ता विचारला तो मराठीत आणि उत्तरही मराठीतच मिळालं. गावात शिरताना हवेला तंबाखूचा उग्र वास होता. मला शिंका आल्या. सुजाताताई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला आता त्यो वास येतच न्हाय, काका."

सुजाताताई तिथल्या एका तंत्रनिकेतनात शिकवतात. चाळिशीच्या आहेत, बोलणं झपझप. घर नीटस, समोरच्या भिंतीशी बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. निर्मलाचा हात धरून त्यांनी तिला आत नेलं आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलायला सुरुवात केली. हे मी मुद्दाम नोंदवतो. गेली दोन वर्षं लोक निर्मलाबद्दलचे प्रश्न मला विचारत आले आहेत. सुजाताताई तिला विचारायच्या आणि तिचं बोट पडद्यावर फिरेपर्यंत शांत बसायच्या.

जेवायला तांबडा रस्सा होता. तिखटाच्या बाबतीत आम्ही वऱ्हाडी माणसं स्वतःला कमी समजत नाही. पण आमचं तिखट आधी जिभेला सांगून येतं, हे घशाखाली गेल्यावर आपली ओळख देतं. मी पाणी पितोय हे पाहून निर्मलानं स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, ही पाटी सुचली कशी?

"आईसाठी केली," सुजाताताई म्हणाल्या. "माझी आजी आणि आई दोघी तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. आम्हा भावंडांना शिकवलं ते त्याच कामावर. नंतर आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मी कॉलेजात पोरांना ठोकळा शिकवत होते. म्हटलं, आईला पाटी करून देऊ. पहिल्या पाटीत यंत्राचा आवाज घातलेला. आईनं दोनदा दाबून बघितलं आणि फोन ठेवून दिला. लिहून दाखवलं, ही बाई बँकेतनं फोन करतीय वाटतं."

त्या हसल्या.

"मग मी बेळगावच्या प्रशांतला सांगितलं, की खरा आवाज पायजे. तोही ठोकळ्याचंच काम करतोय. त्यानं त्याच्या आत्तीचा आवाज भरून आणला. आई त्याच्यावर सात-आठ महिने बोलली. भांडली पण. ती गेल्यावर पाटी पुसून टाकवंना. मग सगळ्यांसाठी खुली केली. तुमचं ते बातमीपत्र वाचलं त्या दिवशी वाटलं, बरं केलं."

निर्मलानं पाटी जवळ ओढली. बराच वेळ चित्रं पाहत राहिली. 'धन्यवाद'चं चित्र होतं, पण तिनं ते दाबलं नाही. फोन बाजूला ठेवला आणि डाव्या हातानं सुजाताताईंचा हात धरला.

बेळगाव, खडेबाजार

बेळगावला ठोकळ्याच्या मंडळींचा मेळावा होता. खडेबाजारातल्या एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉल घेतला होता. खाली साड्यांचे गठ्ठे, भांड्यांचा खणखणाट, चालायला जागा नाही, आणि जिना इतका अरुंद की निर्मलाला मी पुढून आणि सुजाताताईंनी मागून धरून वर नेलं. दारात एक मुलगी होती, ती म्हणाली, "बर्री, कुंदर्री," आणि खुर्ची पुढे केली. तेवढी कन्नड खुर्चीमुळे आपोआप कळली.

मेळाव्याची भाषा कुठली म्हणावी? माणूस मराठीत सुरू करायचा, कन्नडमध्ये अडचण सांगायचा, मधेच हिंदी, आणि हसायचे सगळे एकाच वेळी. माझ्या बातमीपत्राला तिथे भरपूर खाद्य मिळालं. नवी आवृत्ती जुन्या फोनवरही चालेल असं ठरलं. मराठी आणि कन्नड पडदे इथून पुढे एकाच वेळी तयार होणार, एकीनं दुसरीसाठी थांबायचं नाही. खानापूरकडच्या एका शिक्षकानं रानातल्या वाड्यांवरच्या पालकांसाठी शाळेची सूचना वाचून दाखवणारं ॲप केलं होतं, ते पाहून टाळ्या पडल्या. चहाबरोबर कुंदा आला. आमच्याकडच्या खव्याच्या पेढ्याचा हा मोठा भाऊ, जास्त भाजलेला, रंगानं सावळा. निर्मलाला साखर वर्ज्य आहे. तिनं माझ्याकडे न बघता खाल्ला.

मी या मेळाव्याला एक गोष्ट मनात धरून आलो होतो. नव्या आवृत्तीत अशी सोय आली होती, की माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून यंत्र त्याचाच आवाज पुन्हा तयार करू शकतं. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आणि निर्मलाच्या निरोप समारंभातलं भाषण मी प्रशांतला आधीच पाठवून ठेवलं होतं. प्रशांत पाटील म्हणजे सुजाताताईंनी सांगितला तोच. मूळचा जांबोटीचा, घरची भातशेती, आता बेळगावात एका कंपनीत नोकरीला. निर्मलाला मी काही बोललो नव्हतो. तिला आनंदाचा धक्का द्यायचा, असं माझं चाललं होतं.

प्रशांतनं तिच्यापुढे फोन धरला. "काकू, हे ऐका."

"मला पाणी पाहिजे," फोन म्हणाला.

तो निर्मलाचाच आवाज होता. पोस्टाच्या काउंटरमागून यायचा तो. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे एकटक बघत होती. प्रशांतनं आणखी दोन वाक्यं वाजवली. तिनं हळूच त्याच्या हातातला फोन खाली केला, आपला फोन उघडला आणि एका चित्रावर बोट टेकवलं.

"दुखतंय," जांबोटीचा आवाज म्हणाला.

"कुठं दुखतंय, काकू?" सुजाताताई घाईनं खाली वाकल्या.

निर्मलानं हात छातीवर ठेवला. मग मान हलवली. नको.

प्रशांतनं फोन खिशात ठेवला. तो ओशाळला होता आणि मी त्याहून जास्त. खरं सांगतो, मला वाईटही वाटलं. दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज मला अजून थोडा वेळ हवा होता. पण आवाज तिचा होता, आणि ठरवायचंही तिनंच होतं. जिना उतरताना प्रशांत म्हणाला, "काका, तयार केलेला आवाज मी काकूंच्या फोनात बंद करून ठेवतो. कुठं आहे ते फक्त त्यांना दाखवतो. वाटलं तर उघडतील, न्हाय तर न्हाय." त्यानं तसंच केलं.

जांबोटी

दुसऱ्या दिवशी प्रशांतच्या गाडीतून आम्ही जांबोटीला निघालो. सुजाताताईही सोबत होत्या. बेळगाव मागे पडलं की रस्ता लाल होत जातो आणि झाडी दाटत जाते. भात कापणीला आलं होतं, काही शेतांत पेंढ्या पडल्या होत्या. आमच्याकडे नजर जाईल तिथवर कापूस आणि तूर, जमीन पसरलेली. इथे जमीन घड्या घातल्यासारखी, आणि प्रत्येक घडीत एक पिवळं शेत. मी फोटो काढत सुटलो. माझा फोन घरीच बिघडला होता, म्हणून निर्मलाच्या फोनवर काढत होतो. जांबोटी जवळ आली तेव्हा तो बंद पडला. चार्जरची वायर बेळगावच्या लॉजवर राहिली होती, प्रशांतची पिन त्याला बसेना, आणि गावात वीज सकाळपासून गेलेली. ज्या बाईंना भेटायला एवढ्या लांब आलो, त्यांच्या दारात निर्मला मुकी उभी राहणार होती. मी प्रशांतला म्हटलं, तुझ्या फोनवर पाटी असेल ना? तो काढायलाच लागला होता, तेवढ्यात घरातून कुणीतरी बोललं.

"आलासा व्हय? या, या. ऊन लई झालंय, आत या आधी."

निर्मला जागच्या जागी थांबली. हाच तो आवाज. दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात, दवाखान्यात, मुलीशी फोनवर बोलताना ऐकलेला. तो एका सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, पदर खोचलेल्या बाईंच्या तोंडून येत होता. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं. प्रशांतची ही आत्ती नवऱ्याच्या मागे माहेरी भावाजवळ येऊन राहिलेली.

प्रशांतनं आपला फोन निर्मलापुढे धरला. तिनं तो हातानं बाजूला सारला. आक्का पायरी उतरून खाली आल्या, तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "तू व्हय गं ती? माझ्यावाणी बोलतीस म्हणं." निर्मलानं मान हलवली आणि तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. आक्कांनी पदरानं ते पुसलं. "असूंदे, असूंदे. बोलू की निवांत."

त्या दुपारी दोघी पडवीत बसून होत्या. आक्का बोलायच्या, निर्मला हातानं, भुवयांनी, मानेनं उत्तर द्यायची. आक्कांना चुकीचं कळलं की निर्मला त्यांच्या मांडीवर चापट मारायची आणि त्या पुन्हा सुरुवात करायच्या. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आमसुलाचं सार असं जेवण झालं. आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं, पण ही पांढरी, मऊ भाकरी सारात बुडवून मी किती खाल्ली ते विचारू नका. सुजाताताईंनी आक्कांना विचारलं, "आक्का, तुमचा आवाज आता लई घरांत गेलाय. खुला ठेवलाय न्हवं, कुणीबी घेतंय. तुम्हाला चालतंय न्हवं?"

"माझा आवाज काय झिजतोय व्हय?" आक्का म्हणाल्या.

रात्री आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी वीज आली, शेजारच्या घरून वायर मिळाली आणि फोन जागा झाला. निर्मलानं पाटी उघडून आक्कांना दाखवली. एकेक चित्र दाबत गेली. पाणी द्या, भूक लागली, दुखतंय, बरं वाटतंय, लाईट घालवा. सगळी चित्रं संपल्यावर तिनं रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं आणि हाताची चोच करून मिटली.

आक्का बघत राहिल्या. "ह्यास्नी गप बसा म्हणायचंय व्हय?"

निर्मलानं जोरात मान हलवली. सुजाताताई आधी हसल्या आणि मग डोक्याला हात लावला. "खरंच की, आक्का. आम्ही काय मागायचं तेवढंच घातलं. आई माझ्याशी भांडायची ती 'दुखतंय' दाबून दाबून. मला तवा कळलं नव्हतं."

मग प्रशांतनं ध्वनिमुद्रण सुरू केलं. निर्मला हातवारे करायची, आक्का ओळखायच्या, आणि ओळखलेलं बरोबर आलं की ते बोलून भरायचं. कोंबडा आरवला की थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं. "जरा गप बसा की." "न्हाय म्हंजे न्हाय." "मला आधी इचारा." हे तिसरं ओळखायला वेळ लागला. निर्मलानं आधी आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग खडेबाजारातल्यासारखा हात छातीवर ठेवला. आक्कांना कळेना, पण मला कळलं. मीच सांगितलं, "मला आधी विचारा, असं म्हणतेय ती." निर्मलानं माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. तिच्या नजरेत राग नव्हता. ते वाक्य आक्कांनी फार छान म्हटलं, न चिडता, पण ठाम.

शेवटी आक्का म्हणाल्या, "सगळी भांडायचीच काय? वाईच ग्वाड बी घाला." आणि कुणी काही सुचवायच्या आत त्यांनी स्वतःच भरलं, "तुमी आलासा, लई बरं वाटलं बघा."

कणकुंबी

आक्कांच्या मनात आम्हाला कणकुंबीला न्यायचं होतं. "इथवर आलासा आणि नदीचं मूळ न बघता जातासा?" बसच्या वेळेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रशांतच्या गाडीतूनच गेलो. रस्त्यावर झाडांची सावली इतकी गर्द की भर दुपारी थंडी वाजली. नदी जिथून निघते त्या देवळाजवळच्या कुंडात पाणी स्वच्छ होतं. आक्कांनी ओंजळभर घेऊन निर्मलाच्या लुळ्या हातावर ओतलं. नवस वगैरे काही नाही. म्हणाल्या, "गार हाय, बघ."

परतताना एका टपरीवर चहाला थांबलो. मी सवयीनं सांगितलं, चार साखरेचे आणि एक बिनसाखरेचा.

"मला आधी इचारा," मागून आवाज आला.

टपरीवाल्यानं आक्कांकडे पाहिलं. "तुमचा बिनसाखरेचा व्हय, आक्का?"

"मी न्हाय बोलले," आक्का म्हणाल्या. "ही बोलली."

तो बिचारा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. मी निर्मलाला विचारलं, साखर किती? तिनं एक बोट वर केलं. अर्धा चमचा ठरला. त्या टपरीवर आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि टपरीवाल्याला पाटी दाखवल्यावर त्यानं ती आपल्या फोनात घेतली. त्याच्या मेव्हण्याला उपयोगी पडेल, असं तो म्हणाला.

अमरावती

घरी येऊन मी त्या महिन्याचं बातमीपत्र लिहिलं. नव्या आवृत्तीची माहिती दिली, मेळाव्याचा वृत्तांत दिला, आणि बोलक्या पाटीत नवी वाक्यं आली आहेत, ती आक्कांनी आणि निर्मलानं मिळून घातली आहेत, हे सगळ्यात वर छापलं. मसुदा आधी निर्मलाला वाचून दाखवला. तिनं एक परिच्छेद गाळायला लावला. नंतर निरोप येत गेले. लातूरकडच्या एका मुलानं लिहिलं, की त्याचे वडील 'न्हाय म्हंजे न्हाय'वरून बोट उचलत नाहीत, आणि आईला त्याचा आनंद झाला आहे. जुना आवाज निर्मलाच्या फोनात आहे. ती तो उघडते की नाही, मला माहीत नाही. मी विचारत नाही.

सुजाताताईंचे, प्रशांतचे आभार किती मानावेत? नोकरी करून उरलेल्या वेळात त्यांनी हे केलं, आणि कुणी मागायच्या आत देऊन टाकलं. मी आयुष्यभर बातम्या छापल्या, पण अशी माणसं बातमीत क्वचितच आली.

आता आठवड्यातून एकदा दुपारी जांबोटीहून फोन येतो. निर्मला तो स्पीकरवर ठेवते आणि शेजारी टॅबवर पाटी उघडते. आक्कांनी एव्हाना गप्पांची वाक्यंही भरून पाठवली आहेत. मी आतल्या खोलीत असतो. दोन्हीकडून आवाज एकच. "जेवलासा?" "जेवलो की." "भात मळून झाला?" कुठलं वाक्य जांबोटीचं आणि कुठलं अमरावतीचं, ते शब्दांवरून ओळखू येत नाही. मला ते ओळखू येतं मधल्या शांततेवरून. निर्मलाला चित्र सापडायला वेळ लागतो. तेवढा वेळ आक्का काही बोलत नाहीत, घाई करत नाहीत, फोन ठेवत नाहीत. त्या थांबतात.